सातशे सत्तेचाळिसावं मैदान

शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी रॉडनी स्टॅनिफोर्थ घरातून बाहेर आला, तेव्हा गाडीत ड्रायव्हरशेजारच्या सीटवर त्याची बायको बसलेली होती. वास्तविक यात दचकण्यासारखं काही नव्हतं. गाडी त्याची होती, बायकोही त्याचीच होती, आणि एकोणतीस वर्षांच्या संसारात ती त्या सीटवर पुष्कळदा बसलेली होती. बाजारहाटाला, दातांच्या डॉक्टरकडे, दोन प्रेतयात्रांना, आणि मुलगी शिकायला ब्रिस्टलला गेली तेव्हा एकदा तिथपर्यंत. पण शनिवारी सकाळी ती सीट थर्मासची असे. थर्मास, त्यावर मफलर, आणि मफलरवर छत्री, हा क्रम ठरलेला. रॉडनी हातात थर्मास धरून फुटपाथवर उभा राहिला आणि एखाद्या परक्या घराची बेल चुकून वाजवल्यासारखा आत बघू लागला. लिनेटने पट्टा लावला होता. अंगात निळा कोट, मांडीवर पर्स. म्हणजे हे काही क्षणात सुचलेलं नव्हतं.

"मी पण येते म्हटलं," ती काच खाली करून म्हणाली.

"कुठे?"

"तू जातोस तिथे."

"फुटबॉल असतो तिथे," रॉडनी म्हणाला. आत कुत्रा आहे हं, असं पाहुण्यांना सांगावं, तसा.

"मला वाटलंच होतं," लिनेट म्हणाली. "ये, बस. थंडी येतेय आत."

गाडी शेफील्डच्या बाहेर पडली. थर्मास मागच्या सीटवर आडवा पडून प्रत्येक वळणावर गडगडत होता. त्याला माल्कम आठवत होता. माल्कम नगरपालिकेच्या गटार खात्यात, रॉडनी रस्त्यावरच्या दिव्यांच्या खात्यात, मध्ये फक्त एक कपाट. माल्कम वीस वर्षं दर रविवारी मासे धरायला जाई. एका रविवारी बायको म्हणाली, मी पण येते. दिवसभर शेजारी बसली, सँडविच खाल्ली, एका माशाचं कौतुकही केलं, आणि परतताना गाडीत, सिग्नलला, अगदी शांतपणे जे सांगायचं ते सांगून मोकळी झाली. सोमवारी माल्कम कपाटाच्या या बाजूला येऊन भाड्याच्या खोलीची चौकशी करत होता. तेव्हा रॉडनीने त्याला धीर दिला होता. आता त्याला वाटलं, धीर द्यायच्या ऐवजी नीट विचारून घ्यायला हवं होतं. सँडविच आधी की नंतर, ती कोणत्या सुरात बोलली, काही पूर्वसूचना वगैरे.

"रॉडनी, एक विचारू?"

समोर सिग्नल होता.

"हे लोक मार्चमध्ये पण अर्ध्या चड्डीतच खेळतात?"

"हो," तो म्हणाला. सिग्नल हिरवा झाला.

रॉडनीचा छंद समजावून सांगायला सोपा आणि समजायला अवघड होता. दर आठवड्याला एक नवं मैदान. मोठ्या क्लबांची नव्हेत. ती टीव्हीवर दिसतात, त्यांना रॉडनीची गरज नाही. त्याची मैदानं म्हणजे लीगच्या पार खालच्या पायऱ्यांवरची, किंवा पायऱ्या संपून जिथे नुसता चिखल सुरू होतो तिथली. खाण बंद पडली पण खाणकामगारांचा संघ राहिला, असं गाव. पत्र्याचा एक आडोसा, चहाची टपरी, चाळीस प्रेक्षक, त्यांतले नऊजण खेळाडूंचे बाप. अशा सातशे चव्वेचाळीस मैदानांत तो जाऊन आला होता. नियम त्याने स्वतःच केलेले होते आणि म्हणूनच ते मोडणं अवघड होतं. पहिल्या शिट्टीच्या आधी कुंपणाच्या आत असलं पाहिजे. शेवटच्या शिट्टीनंतरच बाहेर. मध्ये बाहेर पाऊल पडलं तर मैदान बाद. हे नियम त्याने एकतिसाव्या वर्षी एका बस स्टॉपवर उभ्याउभ्या केले होते आणि तेव्हापासून त्याच्या आयुष्यात दुसरं काहीच इतकं स्पष्ट नव्हतं. बढती, घराचा हप्ता, देव आहे की नाही, या सगळ्यांत थोडं इकडे-तिकडे चालत असे. मैदान मात्र एक तर झालं, नाही तर नाही झालं.

क्रॅटन वेल्फेअरचा सामना अकराला होता. फाटकापाशी लोकरी टोपीतल्या म्हाताऱ्याने लिनेटकडे पाहिलं, मग रॉडनीकडे, मग पुन्हा लिनेटकडे. "दोन?" त्याने विचारलं. रॉडनीच्या तोंडून हा आकडा निघायला वेळ लागला. आयुष्यात त्याने फाटकावर कधी दोन मागितले नव्हते.

सामना सुरू झाला आणि लिनेट चहा आणायला म्हणून गेली ती तीस मिनिटं आली नाही. रॉडनीने स्वतःला कामात गुंतवलं. आडोशाची लांबी पावलांनी मोजली: बावीस. दिव्यांचे खांब सहा, त्यांतला एक कललेला. दिवे जुन्या पद्धतीचे, पिवळट. असे दिवे आता शेफील्डमध्ये एकाच गल्लीत उरले होते आणि ते काढण्याच्या कागदावर सही त्याचीच व्हायची होती. हे सगळं त्याने वहीत टिपलं. तेवढ्यात शेजारी खोकल्याचा आवाज आला. नेविल ग्रिमशॉ. नेविल पण मैदानं करत असे, पण त्याचा नियम वेगळा होता: गोल झाला नाही तर मैदान धरायचं नाही. त्यामुळे क्रॅटनला तो चौथ्यांदा आला होता.

"तीन वेळा शून्य-शून्य," नेविल म्हणाला. "गेल्या वेळी एक जण पेनल्टी मारताना घसरून पडला. माझ्याकडे बघून हसला मेला." मग त्याने मान टपरीच्या दिशेने वळवली. "ती बाई तुझ्याबरोबर आली?"

"बायको आहे."

"कुणाची?"

"माझी."

नेविलने रॉडनीच्या वहीकडे पाहिलं. "मग हे धरतोस?"

"का नाही धरणार?"

"नाही, आपलं विचारलं. बार्न्सलीकडे एक जण होता, सासऱ्याला घेऊन यायचा. त्याने ती सगळी वेगळ्या वहीत लिहिली होती." तो पुन्हा खोकला. "काय म्हणते?"

"अजून काही म्हणाली नाही."

"हां," नेविल म्हणाला, आणि त्या एका अक्षरात रॉडनीला माल्कमची आख्खी भाड्याची खोली दिसली, बेसिनसकट.

लिनेट परतली ती दोन चहा, एक मांसाची कचोरी आणि क्रॅटनची निम्मी कुळकथा घेऊन. टपरीवरची एनिड तिला 'राणी' म्हणाली होती. गोलकीपर प्लंबर होता आणि त्याच्या गुडघ्यात पाणी झालं होतं. "प्लंबरच्या गुडघ्यात पाणी, आणि कुणाला हसू येत नाही इथे," लिनेट म्हणाली. डाव्या बगलेवरचा तांबड्या केसांचा पोरगा एनिडचा नातू. त्याचं लग्न मोडलं होतं, म्हणून तो आज एवढ्या जोरात अंगावर जात होता. "बघ, बघ, गेला!" ती ओरडली, आणि खरंच तांबड्या केसांनी समोरच्याला उचलून कुंपणावर टाकलं. रॉडनीने वर पाहिलं. त्याला कुंपण दिसलं. काँक्रीटचे खांब, आडव्या नळ्या, एक नळी गंजलेली. त्याने ते टिपलं.

दुपारी तीनला हॅलमवुडचं मैदान. हे डोंगराच्या उतारावर होतं. पाहुण्या संघाला पहिला अर्धा वेळ चढावर खेळायला लागे. इथे लिनेट चहाला गेली नाही. त्याच्याजवळ पायरीवर उभी राहिली, कोटाच्या बाह्या ओढून हात आत घेऊन. आता, रॉडनीला वाटलं. एकांत आहे, पोट भरलेलं आहे. सँडविच झालेली आहेत.

"तुला कधी असं वाटतं का," ती म्हणाली, "की दुसरीकडेच कुठेतरी जाऊन राहावं?"

रॉडनीने प्रामाणिकपणे विचार केला. "राहायला कशाला? जाऊन येता येतं. पुढच्या शनिवारी डॉनकॅस्टरकडे एक आहे."

लिनेटने बाह्या आणखी खाली ओढल्या. वाऱ्याने मैदानाच्या कोपऱ्यातला झेंडा आडवा केला. आपण चुकीचं उत्तर दिलं हे रॉडनीला कळलं, पण प्रश्नपत्रिका कोणती होती ते कळलं नाही. हे त्याचं नेहमीचंच होतं. मग तिने एकदम वेगळंच काढलं.

"स्कारबरोला तू गाडीचा सायलेन्सर दाखवायला गेला होतास. मंगळवारी."

स्कारबरो म्हणजे त्यांचा मधुचंद्र. पाच दिवस, समुद्राकडे तोंड असलेली खोली, तिच्यातून समुद्र न दिसता धुकं दिसे. मंगळवारी संध्याकाळी तिथून चार मैलांवर एक सामना होता. एक्केचाळिसावं मैदान. रॉडनी म्हणाला होता, सायलेन्सर वाजतोय, गॅरेज बघून येतो. दोन तासांनी परतला तेव्हा लिनेट खिडकीत बसून कागदातले बटाटे खात होती आणि त्याच्यासाठी तिने निम्मे ठेवले होते, गार झालेले. त्याने ते खाल्ले होते. एकोणतीस वर्षं त्याला ते बटाटे अधूनमधून आठवत असत, का ते न कळता.

"हो," तो म्हणाला. "वाजत होता."

"तुझ्या बुटांना पांढरा रंग लागला होता. आखतात ना रेघा, तो. मी दुसऱ्या दिवशी पुसला."

हॅलमवुडच्या कुणीतरी उतारावरून चेंडू मारला. रॉडनीला पायरी जराशी कलल्यासारखी वाटली. पण ती मुळातच कललेली होती. म्हणजे हिला ठाऊक होतं. एकोणतीस वर्षं ठाऊक होतं, बूट पुसून ठाऊक होतं, आणि तो मात्र दर मंगळवारच्या सामन्याला नवनवीन सायलेन्सर शोधत बसला होता: ओव्हरटाइम, पंक्चर, माल्कमची आई. लबाडीपेक्षा त्याला वाया गेलेल्या कल्पकतेचं वाईट वाटलं. मग भीती वाटली. जी बाई इतकी वर्षं एक गोष्ट मनात ठेवून भांडी घासू शकते, तिच्याकडे आणखी काय काय ठेवलेलं असेल?

"चिडली होतीस?" त्याने विचारलं.

"तेव्हा नाही. मला वाटलं, बाई तरी नाही ना." ती हसली. "तेव्हा ते पुरे वाटलं होतं."

त्या 'तेव्हा'वर रॉडनी रात्रभर कुशीवर पडून राहिला आणि रविवारी बाराला ती पुन्हा गाडीत बसलेली दिसली, तेव्हा त्याला आश्चर्य वाटलं नाही. फाशीच्या कैद्याला सकाळी शिपाई दिसल्यावर वाटत नसावं, तसंच.

ऑल्डरथवेट रोव्हर्सचं मैदान गावाच्या टोकाला होतं. तीन बाजूंना गाईंची कुरणं, चौथ्या बाजूला कुंपणाबाहेर गाड्या लावायची जागा. सातशे सत्तेचाळिसावं. प्रेक्षक एकसष्ट, ते लिनेटने मोजले, गंमत म्हणून. दोन्ही संघांचा एकेक गोल झाला होता आणि दुसऱ्या अर्ध्याची सुमारे वीस मिनिटं उलटली होती. रॉडनी आडोशाच्या मागच्या भिंतीवरच्या विटांची ठेवण बघत होता, तेव्हा ती बोलली. सिग्नल नव्हता, सूर शांत होता.

"एव्रिलने मला बोलावलंय."

एव्रिल म्हणजे तिची बहीण. फिलीला समुद्रावर तिची प्रवाशांना राहायच्या खोल्यांची चार मजली इमारत होती. गेल्या हिवाळ्यात तिचा नवरा वारला.

"केव्हा जायचंय? ईस्टरला?"

"सुट्टीला नाही, रॉडनी. राहायला. तिला एकटीला होत नाही, आणि मला..." ती थांबली. "मी आज पाच वाजता फोन करून सांगते म्हटलंय. हो किंवा नाही."

रॉडनीने घड्याळ पाहिलं. ते पाहायला नको होतं, हे त्याला पाहिल्यावर कळलं. सव्वाचार.

"म्हणून आलीस?"

"म्हणून आले. म्हटलं, माणूस आपल्याला सोडून जातो कुठे, ते एकदा बघावं. काहीतरी असेल. मला खरंच वाटलं होतं, काहीतरी असेल." तिच्या आवाजात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "मी दोन दिवस तुझ्याकडे बघतेय. तू फुटबॉल बघतच नाहीस रे."

"म्हणजे काय? बघतो की."

"काल दुपारी कोण जिंकलं?"

रॉडनीचा हात खिशाकडे गेला.

"वही न काढता."

हॅलमवुड. उतार. कोपऱ्यातला झेंडा. दिव्यांचे खांब चार, नवीन, पांढरा उजेड. पांढरे बूट. त्याच्या डोक्यात सगळं मैदान उभं राहिलं, पत्र्यावरच्या खिळ्यांसकट, आणि त्यावर एकही माणूस नव्हता. त्याला एकदम वाटलं, सातशे सेहेचाळीस मैदानं डोक्यात आहेत आणि सगळी रिकामी. बावीस बावीस माणसं तिथे घाम गाळून, पडून, शिव्या देऊन गेली आणि आपण आडोशाच्या पावलांत गुंतलो होतो. आणि मग त्याहून वाईट असं काहीतरी, ज्यात आपलं घरही होतं, त्याच्या खिडक्या किती ते त्याला सांगता आलं असतं, आतल्या माणसाचं नाही.

"तीन-दोन," लिनेट म्हणाली. "शेवटच्या मिनिटाला. तू टाळ्या वाजवल्या होत्यास." तिने कोटाचं वरचं बटण लावलं. "मला थंडी वाजतेय. मी गाडीत बसते."

तिने त्याला चल म्हटलं नाही. चल म्हणाली असती तर त्याच्याकडे उत्तर होतं. त्याने ते कित्येक वर्षांपूर्वीच तयार करून ठेवलं होतं. ती नुसती निघाली, कडेकडेने, चिखल चुकवत, आणि वाटेत टपरीवाल्या बाईला हात करून.

सामन्याचं चौऱ्याहत्तरावं मिनिट होतं. सोळा उरली, अधिक पंच वाढवून देईल ती. रॉडनीने आपले नियम मनात उलटून पाहिले. पाऊस आला तर, पंच जखमी झाला तर, दिवे गेले तर, सगळ्याला कलम होतं. बायकोला नव्हतं. तेव्हा बस स्टॉपवर सुचलं नसावं. त्याने आजवर कुणाला निघताना पाहिलं नव्हतं असंही नाही. निघणाऱ्यांना बघून त्याला ओठ न हलवता हसायची सवय होती. बार्न्सलीकडच्या त्या सासरेवाल्याला अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला छातीत कळ आली तेव्हा म्हणे त्याने स्ट्रेचरवाल्यांना सांगितलं होतं, जरा रेघेरेघेने, सावकाश घ्या, शेवटची शिट्टी होऊ दे. ही गोष्ट नेविल आदराने सांगत असे. आत्ता प्रथमच रॉडनीला त्या स्ट्रेचरवाल्यांची आठवण झाली. त्यांना काय वाटलं असेल?

गाडी इथून दिसत होती. कुंपणापलीकडे, तोंड मैदानाकडे. तिथून सामना बघता येत होता, पण ते बाहेर होतं. बाहेर म्हणजे बाहेर. गाडीत बसून सामना पाहिलेलं मैदान मोजणाऱ्या एका माणसाशी रॉडनीने अकरा वर्षं बोलणं टाकलं होतं. पंचाहत्तर. गाडीचं दार उघडलं आणि मिटलं. शहात्तराव्या मिनिटाला आपले पाय चालत आहेत हे त्याच्या लक्षात आलं. ते फारसं त्याला विचारून चाललेले नव्हते.

फाटकावरचा माणूस घडीच्या खुर्चीत बसून बिस्किट खात होता. "अजून संपला नाही, राजा," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"पुन्हा आत येणार असशील तर हातावर शिक्का मारतो. फुकट आहे."

त्याने खरंच शिक्का उचलला. लाकडी मूठ, जांभळी शाई. असा शिक्का रॉडनीने कुठल्याच मैदानावर पाहिला नव्हता, आणि त्याच्या डाव्या हाताची बोटं आपोआप पुढे झाली. मग त्याने तो हात खिशात घातला.

"नको," तो म्हणाला, आणि बाहेर पडला.

गाडीत ऊब होती. लिनेटने थर्मासचं झाकण भरून चहा घेतला होता आणि वाफेने सगळ्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या. रॉडनी दार ओढून बसला. समोर मैदान असायला हवं होतं तिथे नुसता उजेड होता. त्याची बाही काच पुसायला उठली. अर्ध्यात बाहीलाच ते कळलं आणि ती परत मांडीवर आली. तिने त्याच्याकडे चहा दिला. तो प्यायला. गोड होता, तो साखर घेत नसे, हे तिलाही माहीत होतं, पण आज तिने घातली होती.

"बाद झालं ना मग हे?" तिने विचारलं.

"झालं."

"का आलास?"

वाक्यं त्याच्याकडे बरीच होती, पण सगळी दिव्यांच्या खात्यातली वाटत होती. 'आपल्या पत्राच्या संदर्भात' छापाची. त्याने चहाच्या झाकणाच्या काठावरून बोट फिरवलं, आणि मग बोलला, तोंडातून दगड काढावा तसा: "जाऊ नकोस."

त्याच क्षणी बाहेर एकसष्ट माणसांनी, म्हणजे आता एकोणसाठ, एकदम मोठा गलका केला. गाडीच्या काचा हलल्यासारख्या झाल्या. आयुष्यात असं वाक्य एकदा बोलावं आणि ते अशा आवाजात बुडावं, हे त्याला आपल्या नशिबाला धरूनच वाटलं.

"ऐकलंस का?" त्याने विचारलं.

"ऐकलं."

"मग?"

"पुन्हा म्हण."

"ऐकलंस म्हणतेस ना?"

"ऐकलं. पुन्हा म्हण. एकोणतीस वर्षांत एकदाच म्हणून कसं चालेल?"

"जाऊ नकोस, लिनेट." दुसऱ्यांदा ते सोपं नव्हतं. उलट, कारण आता बाहेर अगदी शांत होतं. "मी... मंगळवारचं बंद करतो. शनिवारचं..." त्याने झाकण थर्मासवर ठेवलं. "शनिवारचं बघू."

लिनेट हसली. आधी नाकातून, मग सगळी. "नको रे, बंद कशाला करतोस! घरात बसून जिन्याच्या पायऱ्या मोजशील. मी एव्रिलला सांगते, उन्हाळ्यात महिनाभर येते. तिला मोलकरीण ठेवू दे." मग ती गंभीर झाली. "पण मला विचारत जा. येतेस का, असं. नाही म्हणेन मी बहुतेक वेळा. पण विचारत जा."

"बरं."

"आता विचारू नकोस. आता आलेलीच आहे मी." तिने हातमोज्याने आपल्या बाजूची काच पुसली. लहानसं गोल भोक, तिच्या एका डोळ्यापुरतं. तिने त्याला डोळा लावला.

रॉडनीच्या बाजूची काच तशीच पांढरी होती. ती त्याने तशीच ठेवली.

"काय झालं?" त्याने विचारलं. "कुणी मारला?"

"कुणी नाही. चेंडू गेलाय गाईंच्यात. दोघं कुंपणावर चढलेत. एक गाय चेंडूपाशी उभी आहे आणि कोणी पुढे जात नाही. पंच घड्याळ थांबवून बघत बसलाय."

"कुठली गाय? रंग कसा आहे?"

"रंग कशाला हवाय तुला? वही काढू नकोस." तिने काचेवरून डोळा काढला नाही. "थांब, तो जाडा बचाववाला निघाला. हळूहळू जातोय, हात पुढे करून. काहीतरी बोलतोय तिच्याशी."

"काय बोलतोय?"

"ऐकू येतंय का इथून?" लिनेट म्हणाली, आणि मग जरा वेळाने, "समजूत घालतोय बहुतेक. चांगलं बोलत असावा. ती मान हलवतेय."